पोकळ वाजणारा घुमट

अल-खोबर
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

रणजित,

आधी 'चि.' लिहिलं होतं, मग खोडलं. साडेसहा वर्षं ज्या धाकट्या भावाशी बोललो नाही त्याला आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचे? आणि दिले तरी तू घेणार आहेस का? म्हणून नुसतं नाव.

तुझं पाकीट मिळालं. 'मी नाही पाठवलं' असं तू म्हणशील, ते मला इथे बसून ऐकू येतंय. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का नाशिकचा, पत्ता इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून माणसं कॅपिटल वापरतात, एवढं मला कळतं. आत दोन कागद. एक माझाच मे २०१८ चा अहवाल, झेरॉक्स. दुसरा गावच्या शाळेच्या कमिटीचा ठराव. वाचनालयाचा घुमट धोकादायक असल्याने, 'श्री. हरिहर, गुणवत्ता निरीक्षक, सौदी अरेबिया यांच्या तपासणीनुसार', ६ जानेवारीला पोरं सहलीला गेली की पाडण्यात यावा. खाली अध्यक्ष म्हणून दगूभाऊंची सही. चिठ्ठी वगैरे काही नाही.

पाडताहेत तर पाडू देत. साडेसहा वर्षं नुसतं कुलूप लावून ठेवलं, पाडायला उशीरच झाला. पण मला हे कागद पाठवून काय सुचवायचंय? मी शब्द मागे घ्यावा? मी काही हवेत बोललो नव्हतो. तू विटा आणि चुना वापरून, एक सळई न घालता तीस फुटांचा घुमट उभा केलास. मी सुटीवर आलो होतो, गवंड्यांच्या बांबूच्या पालखावर चढलो, खिशातला जुना जाड रुपया काढला आणि वाजवून पाहिला. गिलावा सुटलेला असेल तिथे नाणं पोकळ वाजतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. तुझ्या घुमटाच्या पश्चिम अंगाला सात ठिकाणी पोकळ वाजलं. मी खडूने सात गोल काढले आणि एका पानाचा अहवाल दिला. कमिटीसमोर चार शब्द जास्त बोललो असेन, ते वेगळं. आवाज काही मी तयार केला नव्हता.

पाकीट तू पाठवलं नसशील तर शर्मिलाने पाठवलं असेल. तुझी बायको बोलत कमी आणि करते जास्त. किंवा चैतन्यने, पोरगा आता बावीस वर्षांचा असेल, बापाची बाजू घ्यायचं वय आहे. दगूभाऊंवरही माझा संशय आहे, उद्या काही झालं तर 'आम्ही कळवलं होतं' म्हणायला. पाकिटाचा डिंक नीट पाहिला. एकदा चिकटवून, उघडून, परत चिकटवलेलं आहे. म्हणजे पाठवणाऱ्याने आतून काहीतरी काढून घेतलं. काय काढून घेतलं, ते मला कळवावं.

हरिहर


अल-खोबर
शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

रणजित,

या घरात काहीतरी शिजतंय.

तुझ्या वहिनीला गाडी लागते, हे तुला आठवत असेल. लग्नानंतर सप्तशृंगीच्या घाटात तिने तीनदा गाडी थांबवायला लावली होती. तीच चारुता गुरुवारी जेवताना म्हणते, "पुढच्या शनिवारी हुफूफला जाऊ या का? तिथे किल्ल्यात जुनी तुर्की मशीद आहे. सगळ्यांना बघायला खुली आहे." हुफूफ इथून दीडशे किलोमीटर. सव्वीस वर्षं आम्ही या देशात राहतोय, तिने कधी हुफूफचं नाव काढलं नव्हतं. मी विचारलं, "मशीद कशाला?" तर म्हणे, "साडेचारशे वर्षांचा घुमट आहे. आत एकही खांब नाही. तुम्हाला आवडेल."

घुमट. आधी पाकीट, आणि आठ दिवसांत घुमट.

मी म्हटलं, "कोणी सांगितलं तुला?" तर ती उठून ताक घुसळायला गेली. ओम अकरावीत आहे आणि घरात मराठी बोलायचं म्हणजे त्याला शिक्षा वाटते. तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, यू आर सो सस्पिशियस, यार. इट्स अ बिल्डिंग." मी त्याला सांगितलं, तीस वर्षं मी संशय घेण्याचाच पगार घेतोय. मी संशय घेतो म्हणून पाइप फुटत नाहीत, म्हणून तू एसीत बसून मला इंग्रजीत उत्तरं देऊ शकतोस. त्यावर त्याने कानात ते बोळे घातले.

आणखी एक. चारुता हल्ली फोन पालथा ठेवते. दुपारी मी अचानक घरी आलो तर ती कोणाला तरी "हो, हो, मी नेते त्यांना" असं सांगत होती. मला बघून म्हणाली, "शेजारच्या होत्या." शेजारच्या केरळच्या आहेत. त्यांच्याशी ती मराठीत कशी काय बोलत होती?

मी जाणार आहे. घाबरतो म्हणून टाळलं, असं कोणी म्हणायला नको. रुपया खिशात घेऊन जाणार आहे.

हरिहर


अल-खोबर
रविवार, ८ डिसेंबर २०२४

रणजित,

काल हुफूफला जाऊन आलो. जे झालं ते सगळं सांगतो, कारण तुला बहुतेक आधीच कळलेलं असणार. पण माझ्या बाजूने कळलेलं नसणार.

निघतानाच मी डबे मोजले. माणसं तीन आणि थालीपिठं पाच जणांची. शिवाय एक डबा वेगळा, स्टीलचा, झाकणावर रबर लावलेला. "हा कोणाचा?" तर म्हणे, "असू दे, वाटेत लागेल." गाडीत तिने एकदाही उलटीची पिशवी मागितली नाही. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर दीड तास ती समोर बघत बसली होती, परीक्षेला निघाल्यासारखी.

किल्ल्याच्या भिंती मातीच्या, जाड, भाकरीच्या रंगाच्या. आत मोकळं पटांगण, आणि एका बाजूला ती मशीद. आपल्याला मशीद म्हटलं की टाइल्स आणि हिरवी ट्यूबलाइट आठवते. तसं इथे काहीच नाही. पांढरी भिंत, पुढे कमानींची पडवी, बाजूला सडपातळ मनोरा, आणि मागे घुमट. घुमट लांबून लहान वाटतो. जवळ जाताना तो वाढत नाही, आपणच लहान होत जातो. हे मला त्या क्षणी आवडलं नाही.

बूट काढून आत गेलो. रणजित, मी तुला इंजिनिअर म्हणून सांगतो. खोली चौकोनी आहे आणि छप्पर गोल. चौकोनावर गोल बसवायचा म्हणजे चारही कोपरे उघडे पडतात. तिथे त्यांनी तिरप्या कमानी टाकल्या आहेत. चौकोनाचा अष्टकोन केलाय आणि मग त्याचं अंग हळूहळू गोल होत नेलंय. नजर वर जाताना कुठे अडखळतच नाही. खांब नाही, तुळई नाही. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत गारवा, आणि उजेड असा की कुठून येतो ते शोधावं लागतं. मी पहिल्यांदा काय केलं असेल? लोखंड शोधलं. कुठेतरी लपवून पट्टी घातली असेल, नंतरच्या दुरुस्तीत सळई सोडली असेल, म्हणून कोपरा न् कोपरा बघितला. सापडली नाही.

मग मी खिशातून रुपया काढला.

दोनदाच वाजवला, पडवीच्या आतल्या भिंतीवर, अगदी हलक्या हाताने. पोकळ वाजलं. हातभर बाजूला वाजवलं. पोकळ. तुझ्या पश्चिम अंगाला वाजला होता तोच आवाज. आणि मला बरं वाटलं. म्हणजे हेही सुटलंय, म्हणजे मी बरोबर होतो. तेवढ्यात पहारेकरी "मम्नू! मम्नू!" करत धावत आला. हात लावायचा नाही. ओम तर असा दूर जाऊन उभा राहिला की जणू मी त्याचा कोणी नाही.

आणि तेव्हाच हा माणूस उगवला. साठीचा, बुटका, दाढी पांढरी, नखांत चुना. पहारेकऱ्याला अरबीत काहीतरी सांगून त्याला शांत केलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "साहेब, नाशिकचे ना तुमी?"

सौदी अरेबियात, हुफूफच्या किल्ल्यात, अनोळखी माणूस मला 'नाशिकचे ना' विचारतो. मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

त्याचं नाव वहाब. श्रीवर्धनकडचा कोकणी. अठ्ठावीस वर्षं हुफूफमध्ये जुन्या घरांच्या भिंतींचा गिलावा करतो. मला म्हणाला, "साहेब, नाण्यानं चुना कळत नाय. नाणा शिमिटसाटी."

मी त्याला समजावलं की पोकळ आवाज म्हणजे थर सुटला. तो हसला. हसला म्हणून मला राग आला, ते लिहून ठेवतो. म्हणाला, "सुटला तर सुटला. शिमिट सुटली का पडते. चुना सुटतो, आपल्याच अंगावर बसतो, र्‍हातो. ही भिंत मी आयलो तवापासून अशीच वाजते. अठ्ठावीस वरसां झाली."

"मग खराब झालेला कसा ओळखायचा?"

त्याने पहारेकऱ्याची परवानगी घेतली. मग माझा हात धरला, रुपया काढून माझ्याच खिशात टाकला आणि माझा तळहात भिंतीवर सपाट ठेवला. स्वतः बाजूला दोन बोटांनी ठोकलं. "हालतंय काय हाताखाली?" नव्हतं हालत. "फुगलंय? वल लागते?" नाही. "मंग ती भिंत तुमच्या-माज्यापेक्षा जास्त जगंल. चुना तळव्यानं बगायचा, साहेब. सावकाश हात फिरवायचा."

मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. मला तू दिसलास. मी खडूने सात गोल काढून पालखावरून उतरलो तेव्हा तू वर चढलास आणि त्या सातही जागांवरून सावकाश हात फिरवलास, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी दगूभाऊंना म्हणालो होतो, "बघा, लाड चाललेत घुमटाचे." सगळे हसले होते.

तू लाड करत नव्हतास. तपासत होतास.

हे मी तिथेच कबूल केलं असतं, कदाचित. पण आम्ही जेवायला पटांगणातल्या सावलीत बसलो, चारुताने तो स्टीलचा डबा काढला आणि म्हणाली, "वहाबभाई, हा तुमचा. हनीफचाचांना आवडायची तशीच लसणाची चटणी आहे बरोबर." मी तोवर त्या माणसाचं नाव तिला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही तिच्यासमोर ते उच्चारलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. तुझा घुमट ज्याच्या हाताने उभा राहिला तो श्रीवर्धनचा हनीफ गवंडी या वहाबचा सख्खा मोठा भाऊ. शर्मिला आणि चारुता साडेसहा वर्षं एकमेकींशी बोलताहेत. पाकीट शर्मिलाने पाठवलं. त्यात तिने आधी एक चिठ्ठी घातली होती आणि मग काढून घेतली, कारण 'भावजींनी चिठ्ठी वाचली तर कागद वाचणार नाहीत'. डिंकाचं मी बरोबर ओळखलं होतं.

 मला फसवून तिथे नेलं. साक्षीदार आधीच पढवून ठेवलेला. मी रोज कामावर अशी माणसं पकडतो, ठेकेदाराची. पढवलेल्या साक्षीदाराच्या जोरावर मी अहवाल बदलणार नाही. या तिघांच्या कटात तूही होतास की नाही तेवढं कळव.

हरिहर


अल-खोबर
शनिवार, २१ डिसेंबर २०२४

रणजित,

तेरा दिवस या घरात कोणी माझ्याशी कामापलीकडे बोलत नाही. चारुता ताट वाढते, पाणी ठेवते, आणि जाते. काल एवढंच म्हणाली, "तुम्हाला फसवलं म्हणता. पण भिंतीला कोणी पढवलं होतं का?" 

म्हणून आज सकाळी एकटाच परत गेलो. कोणाला न सांगता. वहाबलाही कळवलं नाही. कोणी पढवलेलं नको, डबा नको, काही नको. पहारेकऱ्याने मला ओळखलं आणि माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. मी खिसे उलटे करून दाखवले. रुपया मी घरी ठेवून गेलो होतो.

दोन तास बसलो. आधी तपासणीसारखंच चाललं होतं. कमानीचा उतार, भिंतीची जाडी, भार कुठून कुठे उतरतो. मग ते आपोआप थांबलं. घुमटाखाली मधोमध बसलं की असं वाटतं, कोणीतरी आपल्या डोक्यावर दोन्ही हातांची ओंजळ उलटी धरली आहे आणि साडेचारशे वर्षं त्याचा हात दुखलेला नाही. कोणत्या गवंड्याने केलं, काही माहीत नाही. ज्याने केलं त्याचा भाऊ नाणं घेऊन आला नव्हता, एवढं नक्की. एक शाळकरी मुलगा आईबरोबर आला होता. त्याने वर बघून तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.  गावच्या पोरांना साडेसहा वर्षांत वर बघून तोंड उघडायला मिळालं नाही.

आता जे लिहितोय ते आजवर स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

त्या मे महिन्यात मी स्टँडवर उतरलो तर रिक्षावाला म्हणाला, "रणजितभाऊंचा घुमट बघितला का?" न्हाव्याकडे तेच. आत्या, जिने मला शिकवायला हातातल्या पाटल्या मोडल्या, ती म्हणाली, "रणजितने नाव काढलं हो घराण्याचं." मी तीस वर्षं नाव काढतोय, रणजित. पण माझं काम गावाला दिसत नाही. ते सगळं पाइपांच्या आत असतं, आणि ते चांगलं झालं तर काहीच होत नाही. 'काही झालं नाही' याचं कौतुक कोण करणार? तुझं काम साऱ्या गावाला मान वर करून बघावं लागत होतं.

मी पालखावर चढलो तेव्हाच मला ते पोकळ हवं होतं. नाणं काढायच्या आधी.

तू मला म्हणाला होतास, "दादा, उद्या हनीफचाचा येताहेत, त्यांच्याशी एकदा बोल, मग काय ते लिही." मी म्हणालो, गवंड्याकडून मला शिकायचं नाही. आणि मग कमिटीसमोर, तुझ्या पोरासमोर, "हा माणूस पोरांच्या डोक्यावर मरण बांधतोय." पहिल्या पत्रात मी 'चार शब्द जास्त' म्हणून जे उडवून लावलं, ते हे सहा शब्द. मी मोजलेत. त्यानंतर तुला तालुक्यात कोणी एक भिंतही बांधायला दिली नाही, हे मला शर्मिलाकडून नाही, दगूभाऊंकडून तेव्हाच कळलं होतं. मी म्हणालो, "काम चोख असतं तर मिळालं असतं."

मी कमिटीला पत्र लिहिलंय. २०१८ चा माझा अहवाल चुकीच्या पद्धतीवर आधारलेला असून तो मी मागे घेत आहे, घुमट पाडू नये, चुन्याच्या कामाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. खाली सही, तारीख, हुद्दा. उद्या रजिस्टर करून टाकतो. चारुता म्हणते, "आत्ताच्या आत्ता फोन करा दगूभाऊंना." मी तिला सांगितलं, फोनवरच्या शब्दाला सही नसते. उद्या दगूभाऊ म्हणतील, कोण बोललं, कधी बोललं. लेखी दिलेलं लेखीच मागे घ्यायला हवं. दोन आठवडे आहेत, पोचेल. आणि खरं सांगू का, तिची ही फोनची घाई मला जरा संशयास्पदच वाटते. शर्मिलाला तिने काय कबूल केलंय कोणास ठाऊक.

दादा


अल-खोबर
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

रणजित,

पत्र पोचलं नाही. मी रोज मोबाइलवर रजिस्टरचा नंबर टाकून बघत होतो. रियाध, रियाध, रियाध. ५ तारखेपर्यंत रियाध. ६ तारखेला मुंबई. मला वाटलं मुंबईला आलं म्हणजे आलंच. शिवाय आपल्याकडची कामं ठरल्या दिवशी थोडीच सुरू होतात, असंही मी स्वतःला समजावलं. आयुष्यभर ठेकेदारांना तारखेवरून धारेवर धरणारा मी.

आज दुपारी ओम शाळेच्या फॉर्मवर सही घ्यायला माझ्याकडे आला. सही झाली तरी जाईना. मग मराठीत म्हणाला, तोडक्यामोडक्या, "बाबा, काकांचं काय झालं? आई रडते किचनमध्ये." मी फोन उचलला. फोन उचलायला मला साडेसहा वर्षं आणि तीन दिवस लागले.

दगूभाऊ लगेच बोलले. मागे घणाचे आवाज येत होते. मी म्हटलं, "काम सुरू केलंत?" तर ते म्हणाले, "अहो साहेब, सोमवारीच केलं. पण तुमी लिहून दिलं व्हतं, हात लावला तर पडंल. चार गडी हायेत. चार दिवस झाले घण घालत्यात. कळसाखाली एक भगदाड पडलं, बास. बाकी सगळं उभं हाय. गड्यांचे हात सोलून निघाले. ठेकेदार म्हणतो, असं काम म्या पाहिलं न्हाई."

 ते पुढे म्हणाले, "रणजित आला व्हता पहिल्या दिवशी."

"काय म्हणाला?"

"भांडला न्हाई, काय न्हाई. गडी खालून फोडायला लागले व्हते ना, त्यास्नी म्हनला, खालून नका फोडू, तुमच्या अंगावर येईल, माणूस जाईल एखादा. वरून सुरू करा, कळसापासून, गोल गोल खाली या. कुठं उभं र्‍हायचं ते खडूनं आखून दिलं आन गेला."

 ज्याला मी पोरांच्या डोक्यावर मरण बांधणारा म्हणालो, त्याने स्वतःचा घुमट पाडणाऱ्यांच्या जिवाची काळजी घेतली. खडूने जागा आखून दिल्या. मीही खडूच वापरला होता.

मी म्हटलं, "दगूभाऊ, काम थांबवा. आत्ता."

"कोणाच्या सांगण्यावरून, साहेब?"

"ज्याच्या सांगण्यावरून सुरू केलंत त्याच्या."

ते घुटमळले. "लेखी पायजे ना, साहेब," म्हणाले. हेही मीच शिकवलेलं. मी म्हटलं, लेखी वाटेत आहे. फोन स्पीकरवर टाका, मी गड्यांना सांगतो. त्यांनी टाकला. मी ओरडून सांगितलं, खाली उतरा, माझी चूक झाली, घुमट चांगला आहे. फोन ठेवेपर्यंत मी घणाकडे कान लावून होतो. एक शेवटचा पडला आणि थांबला. त्या घावाला घुमट कसा वाजला ते मी ऐकलं. ठणठणीत वाजला. पण आता माझ्या कानावर मी विश्वास ठेवत नाही.

चारुता दारात उभी होती.  चहा आणून ठेवला आणि या वेळी समोर बसली.

दादा


अल-खोबर
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. रणजित,

या वेळी खोडलेलं नाही.

आधीची पाचही पत्रं मी टाकली नव्हती. टेबलाच्या खणात होती. प्रत्येक वेळी वाटायचं, तू ती कोणाला तरी दाखवशील, पुरावा म्हणून. आता सगळी एकदम घेऊन येतोय, तू ती कोणाला हवी त्याला दाखव. कमिटीसमोर वाचलीस तरी चालेल. एकवीस तारखेचं तर वाचच. या पत्राचा मात्र फोटो काढून आजच चैतन्यला पाठवतोय, तो तुला दाखवेल.

चैतन्यने काल फोटो पाठवला. मजकूर काही नाही, नुसता फोटो. कळसाखालचं भगदाड, त्यातून आभाळ, आणि सभोवती चार दिवसांचे घणाचे वण. खाली वाचनालयाच्या फरशीवर उन्हाचा एक गोल पडलाय. मी पुष्कळ वेळ विचार करत होतो की त्याने हा मला का पाठवला असेल. मग सोडून दिलं.

वहाबला मी स्वतः फोन केला. भगदाड बुजवता येईल का विचारलं. तो म्हणाला, येईल, पण आधी आतून टेकू द्यावे लागतील, आणि टेकू लावेपर्यंत खाली थांबणाऱ्याने वर लक्ष ठेवायला हवं. हनीफचाचा आता थकलेत, पण सांगायला येतील म्हणे. मी त्याला म्हटलं, तुमचा कट छान होता. तो म्हणाला, "कट कसला, साहेब? वहिनी बोलल्या, माज्या मालकाला घुमट दाखवा. मी दाखवला."

शुक्रवारी, १७ तारखेला, मी पोचतोय. रजा वीस दिवसांची आहे. तू मला घरी उतरवून घ्यावंस असं मी म्हणणार नाही, आत्याकडे उतरेन. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल. शनिवारी सकाळी मी शाळेत असेन.

टेकू लावेपर्यंत खाली कोणीतरी उभं राहायचं आहे ना, तो मी. खडूने जागा आखून दे. तू सांगशील तिथे उभा राहीन, आणि तू सांगशील तोवर.

तुझा,
दादा